दुसरी भाकरी

वहिनींनी माझ्या पानातली भाकरी उचलली. भर पंगतीत. मी पहिला तुकडा मोडला होता, तो बोटांतच राहिला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, नुकतीच तव्यावरून उतरलेली. वहिनींनी ती चिमटीत धरली, चटका बसला म्हणून जराशा हसल्या आणि शेजारच्या बाईच्या पानात टाकली.

"तुला मोडलीस तेवढी पुरे. माझा फ्लेक्स अजून चौकात आहे," त्या म्हणाल्या.

बायका हसल्या. कुणाच्या मनात वाईट होतं असं नाही. मालकीण हसली म्हणून त्या हसल्या. मला ते जास्त लागलं.

वहिनी म्हणजे आमच्या शेठची बायको. जळगावात त्यांचं साड्यांचं मोठं दुकान, मी तिथं काउंटरला. हिवाळ्यातली भरीत पार्टी होती, त्यांच्याच मळ्यात, केळीच्या बागेला लागून. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली होती, भरीत ठेचून झालं होतं, वर तेल तरंगत होतं. भाकरी थापायला बाई हवी होती म्हणून त्यांनी माझ्या आईलाच बोलावलं होतं. माझ्या पानातून उचललेली भाकरी आईच्या हातची होती. आई चुलीशी बसली होती, तिला तिथून सगळं दिसत होतं. तिने पाहिलं, मान खाली घातली आणि पुढचा गोळा हातात घेतला.

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला हायसं वाटलं. भाकरी गेली, बरं झालं, आता ती खावी लागणार नाही. आईने थापलेली भाकरी दुसऱ्याच्या पानात पडली आणि मी मनात सुटकेचा निःश्वास टाकला. एवढं मला त्या बाईने नासवून ठेवलं होतं. ते कसं झालं, ते सांगते.

आम्ही मूळचे नरडाण्याकडचे. बाप लवकर गेला. आईने मला घेऊन जळगावच्या पिंप्राळ्यात खोली केली आणि लोकांच्या डब्यांच्या, पार्ट्यांच्या भाकरी थापायला लागली. आमच्याकडे खाण्याचे नियम नव्हते. असलं की खायचं, नसलं की पाणी पिऊन झोपायचं. मी अंगाने भरलेली होते. त्याचं आम्हाला काही वाटत नव्हतं. पाण्याचा हंडा उचलायला, पिठाचा डबा गिरणीवरून आणायला तेच अंग कामाला येत होतं. आईला तर माझ्या भरल्या अंगाचा अभिमान होता. नवरा गेल्यावरही पोरीला उपाशी ठेवलं नाही, याचा तो पुरावा होता.

साड्यांच्या दुकानात एक पद्धत असते. गिऱ्हाइकाला साडी आवडली की काउंटरवरच्या मुलीने ती स्वतःच्या अंगावर लावून दाखवायची. कमरेला खोचायची, निऱ्या धरायच्या, खांद्यावर पदर टाकायचा आणि आरशासमोर उभं राहायचं. लग्नाचा बस्ता असला की अशी दिवसभर उठबस. मी ते काम मनापासून करायची. रंग कुणाला खुलेल, काठ कुणाला शोभेल, मला कळायचं.

एका बस्त्याला बडं घराणं आलं होतं. सगळी माणसं गादीवर बसलेली, चहा, सरबत, शेठ स्वतः हजर. मी शालू अंगावर लावला. नवरीची मावशी म्हणाली, दुसऱ्या मुलीला लावायला सांगा, हिच्यावर काही कळत नाही.

गल्ल्यावरून वहिनी म्हणाल्या, "गाठोड्यावर पदर टाकून काय कळणार?"

सगळा बस्ता हसला. शेठही हसले. त्यांचं स्वतःचं पोट गल्ल्याच्या लाकडाला टेकलेलं होतं. त्यावर कुणी कधी हसलं नाही. मालकाच्या पोटाला लोक भरभराट म्हणतात. नोकराचं पोट दिसलं की ही खाते कुठून, असं त्यांच्या डोळ्यांत येतं.

दुसऱ्या दिवशी माझी बदली पोटमाळ्यावर झाली. परकर, अस्तर, फॉल. तिथं आरसा नव्हता.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर वहिनींचा वजन कमी करण्याचा क्लब होता. डब्यातली पावडर, मोठे ग्लास, भिंतीवर बारीक बायकांचे फोटो. डॉक्टरांच्या, वकिलांच्या बायका सकाळी तिथं यायच्या. वहिनींनी मला वर बोलावलं आणि म्हणाल्या, तुला मी फुकट देते, तू माझीच आहेस. मला भरून आलं. फुकट म्हणजे काय, ते नंतर समजलं.

क्लबचा नियम होता. जेवायला बसलं की आधी ताटाचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. वहिनींचा हिरवा अंगठा आला की जेवायचं. लाल फुली आली की ताटातलं कमी करायचं आणि परत फोटो टाकायचा. मी मोबाइल हातात धरून वाट बघत बसायची. भाजी गार व्हायची.

आई विचारायची, "कोनले दाखाडस वं? अन्न थंडं व्हई ऱ्हायनं."

मी म्हणायची, मालकिणीला. मालकिणीला माझं ताट कशाला बघायचंय, हे आईला उलगडत नव्हतं. खरं तर त्यात उलगडण्यासारखं काही नव्हतंच. माझ्या ताटावर आता मालकी बदलली होती.

अंग उतरलं. झपाट्याने उतरलं. खोटं कशाला बोलू, मला आवडलं. ज्या लोकांनी आजवर माझ्याकडे पाहिलं नव्हतं, ते थांबून विचारायला लागले, काय केलंस गं? मला पोटमाळ्यावरून पुन्हा खाली आणलं, थेट दर्शनी काउंटरला. वहिनींनी गणवेशाचे ब्लाउज आत घ्यायला सांगितले. आमचा दुकानातला शिंपी टीप मारून बाजूला जादा कापडाची माया ठेवत होता, तर वहिनी म्हणाल्या, ती कापून टाका, उसवायची वेळच यायला नको. शिंप्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. कात्रीने माया कापली गेली आणि मला वाटलं, आपण जिंकलो.

मग चौकात फ्लेक्स लागला. डाव्या बाजूला मी, खाली लिहिलेलं, आधी. उजव्या बाजूला मी, खाली लिहिलेलं, नंतर. मला कुणी विचारलं नव्हतं. आधीचा फोटो माझ्या मावसबहिणीच्या लग्नातला होता. त्यात मी पोटभर जेवून हसत होते. तो फोटो वहिनींनी माझ्याकडूनच मागून घेतला होता, सहज बघायला म्हणून.

त्या दिवसापासून मला खाण्याची भीती बसली.

भूक नव्हती असं नाही. भूक होती. पण एक घास जास्त गेला तर मी डावीकडच्या फोटोत परत जाईन, अशी धास्ती. शेंगदाण्याची चटणी समोर आली की हात मागे. वरणावर तेल दिसलं की ते चमच्याने काढून टाकायची. सकाळी परकराची नाडी बांधताना जुन्या गाठीची खूण बोटांनी चाचपायची, ती आपल्यापासून किती लांब आहे ते बघायची. झोपताना गळ्याखालची हाडं दाबून बघायची. हाडं लागली की झोप यायची. आईने आयुष्यात उपास काढले ते घरात पीठ नव्हतं म्हणून. माझ्या घरात पीठ होतं, नोकरी होती, चूल पेटत होती, आणि मी उपाशी होते.

केस गळायला लागले. पाळी बंद झाली. एका दुपारी पैठणी अंगावर लावून उभी होते, ती घेऊनच खाली कोसळले. वहिनी धावत आल्या. आधी त्यांनी पैठणी उचलून बघितली.

आई मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, आता एक किलोही कमी करायचं नाही. खाणं वाढवायचं, हळूहळू, पण रोज. थोडं वजन वाढेल, वाढू दे, तुझं शरीर तेच मागतंय. आई हात जोडून उभी होती. तिला देव भेटल्यासारखं झालं होतं. मी मात्र घाबरले. वजन वाढेल, एवढंच मी ऐकलं होतं. बाहेर येऊन आईने दवाखान्यासमोर केळी घेतली, एक सोलून माझ्या हातात दिली. मी ती पदराखाली धरून घरापर्यंत आणली आणि गाईला घातली.

वहिनींना सांगितलं, तर म्हणाल्या, डॉक्टर तसंच सांगतात, त्यांना पेशंट हवे असतात. पार्टी होईपर्यंत काही वाढवू नकोस, नव्या बायका यायच्यात.

ही ती पार्टी. नव्या बायका क्लबात आणायच्या म्हणून ठेवलेली. मधे सगळ्यांसमोर माइकवर माझा अनुभव होता. अनुभव वहिनींनीच लिहून दिलेला, मला तोंडपाठ. मी आधी आळशी होते. खादाड होते. मला स्वतःची लाज वाटायची. क्लबने मला नवा जन्म दिला. हे मी कितीतरी वेळा बोलले होते. बोलता बोलता ते मलाच खरं वाटायला लागलं होतं.

पानावरून उठून मी माइकपाशी गेले. समोर पंगत जेवत होती. क्लबातल्या बायकांना आज सूट होती, वहिनींनीच दिलेली. भरीत, कढी, मिरच्या, भाकरीवर भाकरी. डॉक्टरांच्या बायकोने तिसरी घेतली. तिच्या पानात कुणी हात घातला नाही. घालणारही नव्हतं. तिचं खाणं म्हणजे हौस. माझं खाणं म्हणजे धंद्याचं नुकसान.

मी आईकडे पाहिलं. धुराने तिचे डोळे लाल झाले होते, ती थापत होती. सकाळपासून तिने स्वतः काही खाल्लं नव्हतं. तिला कुणी विचारलंही नव्हतं. या सगळ्या पंगतीत उपाशी माणसं दोनच होती. भाकरी करणारी आणि तिची पोरगी.

तेव्हा राग आला. उशिरा आला, पण नीट आला. पाठ केलेलं सगळं विसरले.

मी म्हणाले, "फ्लेक्सवरची आधीची बाई आळशी नव्हती. ती दिवसभर उभी राहून साड्या दाखवायची आणि घरी जाऊन आईला पीठ मळून द्यायची. तिला पाळी येत होती. माझी बंद झाली. डॉक्टरीणबाईंनी मला खायला सांगितलंय आणि मला भाकरीची भीती वाटते. ही भीती मला इथं लावली."

वहिनींनी येऊन माइक काढून घेतला. बायकांकडे बघून हसल्या.

"उपाशी आहे ना, म्हणून डोकं फिरलंय तिचं."

हे त्या स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या. आणि पंगत परत जेवायला लागली. कुणी उठलं नाही, कुणी हात थांबवला नाही. नव्या आलेल्यांतली एक मात्र वहिनींच्या शेजारून उठून दुसरीकडे जाऊन बसली. तेवढंच.

मी चुलीशी गेले, आईच्या बाजूला जमिनीवर बसले. आईने तव्यावरची भाकरी काढली, माझ्या हातावर ठेवली. फोटो काढला नाही. मी खाल्ली. चवीने खाल्ली असं म्हणणार नाही, घास तोंडात फिरत होता, डोळ्यांपुढे डावीकडचा फोटो नाचत होता. तरी संपवली. मग दुसरी घेतली. आईलाही जबरदस्तीने खायला लावली.

घरी येताना रिक्षात मी म्हणाले, उद्यापासून त्या दुकानात जाणार नाही. तेव्हा आई बोलली. "एक भाकरसाठे नोकरी सोडी दिनी?"

तिचं चुकलं नव्हतं. तिने आयुष्यभर मालकांपुढे मान खाली घालूनच मला वाढवलं. मी तिला एवढंच सांगितलं की एका भाकरीसाठी नाही, रोजच्या भाकरीसाठी.

आता मी पिंप्राळ्यातच एका लहान दुकानात आहे. पगार कमी आहे. अंग भरतंय. शेजारणी म्हणतात, परत सुटलीस गं. एवढं कमावलेलं घालवलंस. परवा वहिनींचा निरोप आला, वाढलीस असं ऐकलं, परत ये, आपण पुन्हा सुरुवात करू, या वेळी नवे फोटो काढू. वजन वाढलं तरी त्यांचाच फायदा आणि घटलं तरी त्यांचाच. मी निरोप पुसला आणि त्यांचा नंबर ब्लॉक केला.

भीती गेली असं कुणी समजू नये. ती रोज माझ्यासोबत जेवायला बसते. पहिली भाकरी संपली की ती म्हणते, ऊठ, बस झालं. तो आवाज मी आता ओळखते. तो माझ्या पोटाचा नाही. पोट आणखी मागत असतं. ज्यांना कधी ताट मोजावं लागलं नाही, त्यांनी माझ्या डोक्यात बसवलेला तो आवाज आहे. माझ्या आईच्या पिढीला त्यांनी धान्य दिलं नाही. माझ्या हातात धान्य आलं, तर खाण्याची लाज दिली. मी दोन्ही घेणार नाही.

पाळी अजून नियमित आलेली नाही. येईल तेव्हा येईल. माझं अंग रुंद होईल, होऊ दे. लोक हसतील, हसू देत. मला उभं राहायचंय, काम करायचंय, जगायचंय, आणि त्याला लागेल तेवढं मी खाणार. भीती म्हणते, ऊठ. तरी मी दुसरी भाकरी घेते. कुणाला विचारत नाही.