बांगडीचा न सापडलेला तुकडा

मालनबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांचाच फॉर्म हातात धरून बसले होते. सुप्याच्या आमच्या चिक्कीच्या कारखान्यात त्या पॅकिंगच्या बेल्टवर उभ्या असत; मी तिथली क्वालिटीवाली. खाण्याचा माल सुरक्षित राहावा याची कामगारांना कितपत जाण आहे, हे पाहायला आम्ही दरवर्षी एक फॉर्म भरून घेतो. त्यात प्रश्न होता, ‘चूक दिसली तर तुम्ही न घाबरता सांगता का?’ सगळ्यांची खूण ‘होय’वर, एकट्या मालनबाईंची ‘नाही’वर. आदल्याच दिवशी मी त्यांना छेडलं होतं, “बाई, अख्ख्या कारखान्यात सांगितलं ते तुम्हीच, आणि तुमचंच नाही?”

“सांगितलं की मॅडम. पन न घाबरता कुठं? लई भ्याले हुते मी...”

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा गाळता गाळता, त्यांचं हृदय थांबलं.

ती गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली. आत बांगड्या घालायच्या नाहीत असा नियम. पण नवरा असताना हात मोकळे कसे ठेवायचे, म्हणून बायका बांगड्यांवर पट्टी गुंडाळून वर हातमोजे चढवत. मला ठाऊक होतं. मी कानाडोळा करायची. त्या दिवशी मालनबाईंची बांगडी फुटली, हातमोजाही फाटला. त्यांनी तुकडे कागदावर गोल मांडले. नखाएवढी जागा रिकामी राहिली. चिक्कीतली काच ओळखणार कोण? माल शाळांत जायचा होता. तरी माझ्या तोंडातून निघालं, “जाऊ द्या बाई, कुणाला कळणारे?”

“पोरं खात्यात न्हवं?” म्हणत त्यांनी बेल्ट थांबवायचं लाल बटण दाबलं. सगळा माल फेकावा लागला. तुकडा सापडलाच नाही. वरच्यांनी त्यांना आठ दिवस घरी बसवलं. ‘जाऊ द्या’ कोण म्हणालं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

तो कागद, चिकटपट्टीनं डकवलेल्या बांगडीसकट, माझ्या खणात आहे. त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं की आजही घाम फुटतो. परवा मालनबाईंच्या जागी आलेल्या बाईचा हातमोजा फाटलेला दिसला, आत उसवलेली पट्टी... बटणापर्यंतची चार पावलं मला चालवेनात. कशीबशी गेले, दाबलं.

संध्याकाळी माझा राहिलेला फॉर्म भरला. त्या प्रश्नापुढे ‘नाही’वर खूण केली.