नलिनीबाईंचं पहिलं नको

आमच्या तापीकाठच्या माणसाला जेवायला बसा म्हटलं, की तो आधी नको म्हणतो. कडकडून भूक लागलेली असली तरी म्हणतो. मग दुसऱ्यांदा म्हणायचं, तिसऱ्यांदा हाताला धरून पाटावर बसवायचं. तेव्हा कुठे तो पोटभर जेवतो आणि आपलं घर त्याला गोड लागतं. ही आमची रीत आहे आणि मला ती आवडते.

नलिनीबाई आमच्याच गावच्या. लग्न होऊन बडोद्याला गेल्या, निजामपुऱ्यात संसार मांडला, मराठी शाळेत पोरांना अक्षरं गिरवायला शिकवली. जिभेवर गुजराती चढली, चहात आलं-पुदिना आला, पण पहिलं नको काही सुटलं नाही.

त्यांचे यजमान विश्राम रेल्वेत होते. त्यांना बायको कळलेली होती. फ्रीज घेऊया का, नको. माथेरानला जाऊया का, नको. विश्राम शांतपणे बशीतला चहा संपवत आणि पुन्हा विचारत. तिसऱ्या खेपेला बाई म्हणत, "तुम्ही एवढं म्हणताय तर घ्या." विश्राम वारले आणि पुन्हा विचारणारं माणूस घरात उरलं नाही. शाळेचं मुख्याध्यापकपद असंच हातचं गेलं. साहेबांनी एकदा विचारलं, बाई नको म्हणाल्या, साहेब थँक्यू म्हणून शेजारच्या बाईंकडे वळले.

कमाटीबागेत सकाळी फिरताना त्यांची लक्ष्मीकांतरावांशी ओळख झाली. हे बडोद्यातल्याच तरसालीचे, विधुर, रिफायनरीतून निवृत्त झालेले. उभी नोकरी दाबाचे आणि तापमानाचे काटे वाचण्यात गेली. काटा दाखवील ते खरं, हा त्यांचा स्वभावच झाला होता. दोघं दोन वर्षं बरोबर फिरले. मग एके दिवशी लक्ष्मीकांतरावांनी बाईंच्या लेकीला, प्राचीला, पुण्याला फोन लावून आधी तिची परवानगी घेतली. प्राचीनं त्याच संध्याकाळी आईला खबर दिली.

"काका शनिवारी तुला जेवायला नेणार आहेत. लग्नाचं विचारणार आहेत."

"या वयात कसलं गं लग्न?"

"तुला हवंय का, ते सांग."

 बाई इतक्या हळू 'हवंय' म्हणाल्या, की प्राचीला फोनचा आवाज वाढवावा लागला.

"मग त्यांच्यासमोर नको म्हणू नकोस, आई. ते एकदाच विचारतील."

शनिवारी लक्ष्मीकांतरावांनी रिक्षा अलकापुरीत एका पबपुढं थांबवली. पूर्वी तिथं काळोख आणि जाड पडदे होते. आता सगळं अमेरिकेसारखं नवं केलं होतं. कच्च्या विटांची भिंत, लोखंडी दिवे, दाराशी लाल रंगवलेला पेट्रोल पंप. एका भिंतीवर भलामोठा रस्ता चितारला होता, तांबड्या डोंगरापर्यंत जाणारा.

"एवढ्या लांब रस्त्यावर एक माणूस नाही," बाई म्हणाल्या. "आणि पब म्हणजे दारूचं ना हो?"

"गुजरातेत कसली दारू, बाई. आल्याचा सोडा देतात. फेस मात्र तसाच आणतात."

बर्गर आला तो काडी खोवलेला, उंच. लक्ष्मीकांतरावांनी शेजारच्या टेबलाकडं पाहून तो दोन्ही हातांनी धरला. बाईंनी वरची पावाची टोपी उतरवून बाजूला ठेवली आणि पावाचा तुकडा मोडून आतल्या टिक्कीला लावला, भाकरीनं भाजी खावी तसा. चव छान होती. त्याहून छान बटाट्याच्या तळलेल्या काड्या होत्या. मेनूत लिहिलं होतं, हव्या तितक्या घ्या.

काड्यांची टोपली रिकामी झाली तेव्हा वाढणारी मुलगी आणखी हव्यात का विचारायला आली. छातीवर नाव होतं, सानवी.

"आंटी, बीजी फ्राईज लावुं?"

"ना बेटा, बस."

सानवी गोड हसली आणि टोपली घेऊन गेली. बाई त्या रिकाम्या जागेकडं पाहत राहिल्या. थोड्या वेळानं ती पुन्हा आली.

"चीजकेक चाखशो?"

"ना, ना."

तिनं मेनूही उचलला. नको गुजरातीत म्हटलं तरी इथं ते नकोच होतं.  हात धुवायचं निमित्त करून बाई आत गेल्या आणि आरशापुढं उभं राहून 'हो' म्हणून पाहिलं. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. चांगलं येत होतं.

त्या परतल्या तेव्हा लक्ष्मीकांतराव ताठ बसले होते.

"बाई, मी सरळ विचारतो. आपण लग्न करूया का?"

"नको हो," बाई म्हणाल्या.

ते ऐकून सर्वांत जास्त दचकल्या त्या बाईच.

लक्ष्मीकांतरावांनी क्षणभर त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. "बरं," ते म्हणाले. रुसवा नाही, फुगवा नाही. "मग बिल मागवतो. तुम्हाला निजामपुऱ्यापर्यंत सोडतो." आणि त्यांनी हात वर केला. लांबच्या टोकाहून सानवी निघाली.

"हात खाली घ्या," बाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या.

त्यांनी घेतला.

"आमच्याकडं पहिलं नको धरत नाहीत."

"धरत नाहीत म्हणजे?"

"पुन्हा विचारायचं असतं."

"किती वेळा?"

"तीनदा."

लक्ष्मीकांतरावांनी मान हलवली. "हे आधी सांगायचं. काटा मुळात शून्यावर नसला तर वाचणारा काय करणार? बरं, मग आता दुसऱ्यांदा..."

"नका विचारू," बाई घाईनं म्हणाल्या. "मी परत तेच म्हणेन. माझ्या तोंडाचा मला भरवसा नाही." त्यांनी पाण्याचा पेला दूर सारला, पदर सावरला. "मीच विचारते. लक्ष्मीकांतराव, माझ्याशी लग्न कराल?"

"हो."

बाईंचे डोळे भरून आले आणि त्याच दमात कपाळाला आठी पडली. "लगेच काय हो म्हणता? माणसानं थोडं थांबावं तरी."

"थांबतो," लक्ष्मीकांतराव म्हणाले आणि खरंच थांबले. हाताची घडी घालून, समोर बघत. सानवी बिल घेऊन आली आणि तीही थांबली.

"झालं आता," बाई म्हणाल्या. "बोला."

"हो," लक्ष्मीकांतराव म्हणाले.