नानांच्या फोटोला लावलेली झेंडूची चौकट

चहा घ्या, आणि ऐका. मी एका धडधाकट माणसाला मारलंय. कुऱ्हाड नाही, काठी नाही, मोबाईलवर बोटाने. आणि माणूसही परका नाही, माझ्या वडिलांचा सख्खा थोरला भाऊ. हसताय तुम्ही, पण त्या दिवशी आमच्या भावकीत कुणाला हसू आलं नव्हतं.

मी जळगावला एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. मला एक खोड आहे. फोन घेतला की तो कंपनीने दिला तसा मी ठेवत नाही. लाँचर बदलायचा, चित्रं बदलायची, घड्याळ इकडून तिकडे न्यायचं. लाँचर म्हणजे काय, तर फोन उघडल्यावर जो पहिला पडदा दिसतो, त्याची सगळी मांडामांड करणारं अ‍ॅप. माझी बायको म्हणते, तुमच्या फोनमध्ये सगळं सापडतं, फक्त फोन लावायचं सापडत नाही. पण नातेवाइकांत या खोडीमुळे माझा दबदबा होता. होता, असंच म्हणायचं आता.

आमचं गाव भडगावजवळ, गिरणेच्या काठी. तिथे आई आणि आबा असतात. आबांना मोतीबिंदू. स्क्रीनवरची बारीक चित्रं त्यांना दिसत नसत, त्यामुळे फोन भलत्यालाच लागायचा. एकदा त्यांनी मला समजून खतांच्या दुकानदाराला नातवाच्या तापाबद्दल बराच वेळ विचारलं. दुकानदार बिचारा भला, त्याने सगळी उत्तरं दिली.

तेव्हा मी ठरवलं, आबांच्या फोनमध्ये मोठ्या अक्षरांचा लाँचर टाकायचा. त्यात पडद्यावर माणसांचे ठळक फोटो येतात. फोटोवर बोट ठेवलं की थेट त्या माणसाला फोन. वाचायचं काम नाही, शोधायचं काम नाही.

रविवारी गावी गेलो. ओट्यावर बसून आबांना विचारलं, "कोणाकोणाचे फोटो ठेवू?"

आबांनी माझं नाव घेतलं, माझ्या बहिणीचं घेतलं, आईचं घेतलं. आई कायम घरातच असते, तरी घेतलं. मग तंबाखूची डबी उघडली, परत बंद केली.

"नानाना फोटो ऱ्हाऊ दे," म्हणाले. "लागस कधीमधी."

मी वर पाहिलं नाही. कारण नानांचा आणि आबांचा अबोला होता. नाना म्हणजे आबांचे थोरले भाऊ, साक्रीला शिक्षक होते, रिटायर झाल्यावर तिथेच राहिले. त्यांना मूलबाळ नाही, तिथे ते आणि काकू दोघंच. गावच्या शेताच्या बांधावर एक निंब होता, आजोबांनी लावलेला. तो आबांनी नानांना न विचारता तोडला. पीक सावलीत जातं म्हणून तोडला, वाईट हेतूने नाही. पण नाना आले, बुंधा बघितला, एक शब्द न बोलता परत साक्रीला गेले. त्यानंतर दोन वर्षं दोघांनी एकमेकांना फोन केला नव्हता. आता आबा स्वतःहून फोटो ठेव म्हणाले, म्हणजे किती मोठी गोष्ट, तुम्हीच सांगा.

मला भरून आलं. आणि माझं असं आहे, भरून आलं की मी सजावट करतो.

लाँचरमध्ये एक सणासुदीची थीम होती. फोटोला झेंडूच्या फुलांची चौकट बसायची, खाली छोटी पणती, तिची ज्योत हलायची. फुकटच्या अ‍ॅपमध्ये ती एकाच फोटोला मिळत होती, बाकीच्यांना लावायला पैसे भरावे लागत. म्हटलं, नाना घरात सगळ्यांत मोठे, पहिला मान त्यांचा. नानांचा माझ्याकडे एकच फोटो होता, पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला. पांढरी टोपी, सरळ नजर, चेहऱ्यावर काही नाही. मी त्याला चौकट लावली. फार सुंदर दिसलं. आवडलं म्हणून स्क्रीनशॉटही काढून ठेवला.

तोवर आबा शेतात गेले होते. फोन चार्जिंगला लावला, आईला सांगितलं की आबांना नवीन करून दिलंय, सकाळी बघायला सांग, आणि जळगावची गाडी पकडली.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होतो. आबांचा फोन आला. आवाज जड होता. मला वाटलं, नुकतेच उठले असतील.

"फोनमा नानानं दखं रे मी आत्ते," म्हणाले.

"बघितलं का? बरं झालं. मी कालच लावलं ते."

"म्हंजे तुले कालदिन माहीत व्हतं?"

"हो, पण तुम्ही शेतात होतात आणि माझी गाडी निघाली होती. म्हटलं, सकाळी बघतीलच."

"सकाळी बघतीलच," आबांनी माझेच शब्द हळू आवाजात परत म्हटले.

"तुम्हाला पसंत नसेल तर काढून टाकतो, आबा. पण नाना मोठे, पहिला मान त्यांचाच. बाकीच्यांचं हळूहळू करू."

"बाकीना लोकेस्नं बी?"

"हो. पुढच्या वेळी आलो की आधी आईचं करतो. मग तुमचं."

फोन बंद झाला. मला वाटलं, रेंज गेली.

तिकडे काय झालं होतं, ते नंतर आईने सांगितलं. आबांनी चष्मा लावून फोन उघडला, तर पडद्यावर नाना. भोवती झेंडू, पुढे दिवा. आबांनी आईला हाक मारली. आईने पाहिलं. "फोटोले हार घालेल शे," म्हणाली, "दिवा बी लायेल शे." आबांनी फोटोला हात लावला, पाया पडावं तसा. हात लावला की फोन लागतो, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. फोनमधून एक बाई गंभीर आवाजात म्हणाली, आपण ज्यांच्याशी संपर्क साधू इच्छिता ती व्यक्ती सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. आता याहून स्पष्ट कोणी काय सांगायचं? आणि उरलीसुरली शंका मी, पोटच्या मुलाने, मिटवली.

आबांनी गळ्यातला गमछा डोळ्यांना लावला. आईला म्हणाले, "नाना गया, अन् माले कोनी सांगं नही." मग गल्लीत बातमी गेली. भावकीतल्या एकाने जीप काढली. आई, आबा आणि जेवढे बसतील तेवढे बसले, आणि जीप साक्रीच्या रस्त्याला लागली.

इकडे मी ऑफिसात. भावकीच्या ग्रुपवर संदेश आला: नाना गेले. आबा साक्रीला निघाले.

तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, तुला सकाळचं बोलणं आठवलं नाही का? आठवलं. पण मला वाटलं, आबा मला सकाळी हेच सांगायला बघत होते आणि मी मूर्खासारखा चौकटीचं कौतुक ऐकवत बसलो. मला माझीच लाज वाटली. नानांचा फोन लावला, लागला नाही. काकूंकडे वेगळा फोन नाही. आबांना लावला, त्यांनी उचलला नाही. का उचलला नाही, ते आता कळतं.

मग मी ग्रुपवर श्रद्धांजली लिहिली. मनापासून लिहिली. आम्हा भावंडांचं छत्र हरपलं, असं लिहिलं. आणि फोटो माझ्याकडे तयार होताच, हारासकट. तो जोडला. ज्यांनी आबांच्या जीपची बातमी अर्धवट ऐकून सोडून दिली होती, त्यांचीही खात्री पटली. चाळीसगावची आत्या निघाली. धुळ्याची मामेबहीण निघाली. नाना म्हणजे आमच्याकडे मोठं माणूस.

मी बायकोला घेऊन निघालो. पारोळा गेलं, धुळं गेलं. रस्ताभर मी बोललो नाही. एकच मनात येत होतं, की आबांचा अबोला तसाच राहिला. एक फोन करायला काय झालं होतं? मी तरी मधे पडून का लावून दिला नाही? डोळे पुसत साक्रीत शिरलो.

नानांच्या दारात माणसं बसलेली. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. मी चप्पल काढली, सरळ काकूंच्या पायाशी गेलो आणि मला हुंदका आवरला नाही.

काकूंनी पाठीवर हात ठेवला. "रडू नको. चहा घे आधी."

काय धीराची बाई, असं मला वाटलं. चहाचा कप घेतला, मान वर केली, तर समोर ओट्यावर आबा. आबांच्या शेजारी नाना. नानांच्या हातात बशी.

बायकोने माझ्या हातातला कप काढून घेतला, कारण चहा पायावर सांडत होता.

घडलं होतं असं. नाना एका जुन्या विद्यार्थ्याकडे वरच्या डोंगरातल्या खेड्यात मुक्कामाला गेले होते. तिथे रेंज येत नाही. काकू दारात मेथी निवडत बसल्या होत्या, तोच जीप येऊन थांबली आणि रडत माणसं उतरली. काकूंना वाटलं, गावाकडे कोणीतरी गेलं. त्याही रडायला लागल्या. कोण कोणासाठी रडतंय, हे कोणी कोणाला विचारेना. अशा वेळी विचारायची पद्धत नाही ना. दुपारी नाना पिशवी घेऊन कोपऱ्यावरून वळले. दारात गर्दी, आणि ओट्यावर दोन वर्षांनी धाकटा भाऊ, तोंडावर गमछा घेऊन. नानांच्या हातातली पिशवी गळाली. माझी आई आत बायकांत होती, ती दिसली नाही, म्हणून त्यांना वाटलं, तीच गेली.

"काय व्हयनं रे?" नानांनी विचारलं.

आबांनी गमछा बाजूला केला. बघतच राहिले. मग उठले, नानांचा दंड धरला, दोन्ही हातांनी चाचपला. काकू सांगत होत्या, बाजारात बैल बघावा तसा चाचपला. मग म्हणाले, "तुना फोन का बरं लागत नही?"

"तठे रेंज नही," नाना म्हणाले.

दोन वर्षांनंतर दोघांचं हे पहिलं बोलणं. निंबाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

आता सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. नानांच्या हातात आबांचा फोन होता. स्वतःच्या फोटोकडे ते तपासणीला आलेल्या साहेबासारखे बघत होते. पणतीची ज्योत हलत होती.

"हे तू केलंस?"

"हो, नाना."

"का?"

मी लाँचर सांगितला. थीम सांगितली. मोतीबिंदू सांगितला. जमलेल्या लोकांत कोणाला काही समजल्याचं दिसलं नाही. शेवटी म्हणालो, "तुम्ही मोठे, म्हणून मान दिला."

"मान दिलास ते ठीक," नाना म्हणाले. "पण एवढा नको."

मी घाईघाईने चौकट काढायला गेलो. नानांच्या फोटोवरची चौकट निघाली आणि बाजूच्या फोटोवर जाऊन बसली. तो आईचा होता. आई माझ्या खांद्यावरून बघत होती. "आते मना नंबर का?" एवढंच म्हणाली.

मग वेगळाच पेच आला. एवढी माणसं मयताला म्हणून आलेली. मयत तर नाही. मग आंघोळ करायची की नाही? जेवायचं की नाही? एक म्हातारे म्हणाले, निघालो त्या भावनेने, म्हणजे आंघोळ लागते. दुसरे म्हणाले, माणूस समोर चहा पितोय, आंघोळ कसली? शेवटी नानांनीच निकाल दिला: ज्याला करायची त्याने करावी, पाणी तापवलं आहे. काकूंनी आत्याला हाताशी घेऊन शेवभाजी केली. सगळे पोटभर जेवले. आबा आणि नाना एका ताटात जेवले.

ग्रुपवर खुलासा मी तिथेच बसून लिहिला. नानांनी समोर बसून लिहून घेतला. माझ्या श्रद्धांजलीत शुद्धलेखनाच्या चुका निघाल्याच होत्या, म्हणून हा मजकूर दोनदा लिहावा लागला. तरी त्याखाली भावकीतल्या काहींनी हात जोडून 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलीच. लोक नाव वाचतात, पुढचं वाचत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेलो. निघताना घाईत मी काका वारल्याचं साहेबांना सांगून रजा घेतली होती. साहेब स्वतः टेबलाशी आले, खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, फार वाईट झालं. आता त्यांना लाँचरपासून सांगायचं? मी मान खाली घातली आणि "हो" म्हणालो.

पुढच्या महिन्यात आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जळगावला ठरलं. सोबतीला नाना आले. डॉक्टरकडे जायच्या आधी घराची किल्ली घ्यायला म्हणून माझ्या ऑफिसात आले, पांढरी टोपी, सरळ नजर. नेमके साहेब तिथेच उभे. चेहऱ्यातला सारखेपणा बघून त्यांनी कुतूहलाने मला विचारलं, "तुमचे ते काका वारले, त्यांचे हे कोण?"

नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे, आणि हात जोडले.

"नमस्कार," म्हणाले. "मी तोच."