साठवलेला दम

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या संध्याकाळी वस्तीतल्या म्हाताऱ्यांचा आणि पोरांचा कबड्डीचा सामना व्हायचा. म्हाताऱ्यांचा कप्तान हिरामण. वय अठ्ठावन्न, कामाला अंबरनाथच्या एका कारखान्यात पंपांचा फिटर, आणि रुबाब असा की घरातसुद्धा चढाईला आल्यासारखा शिरायचा.

नव्वद साली मात्र चढाईत त्याचा दम मध्येच तुटला. पोरांनी त्याला अलगद उचलून रेषेबाहेर ठेवलं. आपटलं असतं तर चाललं असतं, पण ते अलगद ठेवणं त्याच्या जिव्हारी लागलं.

पुढचं वर्ष जन्मशताब्दीचं. हिरामणने शक्कल लढवली. अडीच महिने आधीच सायकल बंद, कामावर रिक्षाने, पाणी भरायचं ते बायकोने, शालनने, आणि स्वारी संध्याकाळभर खाटेवर. "दम साठवतोय," असं तिला वर ऐकवायचा. दम म्हणजे काय बरणीतलं लोणचं? पण या माणसाला सांगायची छाती कुणाची!

महिन्याभरात नाक्यावर जाऊन आला तरी तो धापा टाकू लागला. शालनने त्याला ओढतच सिंधी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने त्याची सगळी तपासणी केली, दोनदा जिना चढायला लावला आणि नाडी धरली.

"काका, बीमारी नाय, उमर आहे," डॉक्टर म्हणाला. "पंचविशीत ठोके दोनशेच्या घरात जायचे, आता एकशेसाठला अटकतात. नळ्यापण कडक झाल्यात. पायांना रक्त कमी पोचतं, मग धाप लागणारच. त्यात तुम्ही बसून राहिलात, पंप अजून ढिला पडला. रोज चाला, हळूहळू वाढवा. खेळा बिनधास्त, पण छाती भरून आली तर तिथंच थांबायचं. जिद्द नाय करायची."

पंपाची गोष्ट फिटरला पटली. दीड महिना तो रोज पहाटे चालला. धाप कमी झाली, पण पंचविशीतला वेग काही परत आला नाही. त्याचं त्याला फार वाईट वाटलं, आणि ते त्याने कुणालाच सांगितलं नाही.

सामन्यात म्हातारे एका गुणाने मागे होते. शेवटची चढाई हिरामणची. "कबड्डी, कबड्डी" म्हणत तो आत घुसला. कोपऱ्यातला पोरगा हातभर अंतरावर होता. शिवला असता तर बरोबरी. तेवढ्यात छाती गच्च भरून आली, कानात ठोके धडधडू लागले. एक झेप, फक्त एक! गेल्या तीस वर्षांत त्याने ती कधी सोडली नव्हती.

हिरामण वळला आणि कुणालाही न शिवता रेषा ओलांडून परत आला. सामना हरला.

"घाबरला रे कप्तान!" पोरं ओरडली. मैदानभर हशा पिकला. हिरामणने मान खाली घातली. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. आणि त्या हशातून टाळ्या ऐकू आल्या, एकाच माणसाच्या. त्याने वर पाहिलं. शालन बायकांच्या घोळक्यातून उठून उभी राहिली होती, डोळ्यांतलं पाणी न पुसता टाळ्या वाजवत होती, आणि हसणाऱ्यांकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं.