आई एकटी आली

मित्रमैत्रिणींनो, आज सकाळी माझी आई निपाणीहून एकटी बंगळुरूला आली. मला परत न्यायला.

आई रोज टीव्हीवर गुन्ह्यांची मालिका बघते. तिच्यात शहरात एकटी राहणारी मुलगी हमखास मरते. मग लगेच मला फोन येतो, "पुरे झाली नोकरी, घरी ये." घरातली पहिली पदवीधर मी, पण त्या मालिकेपुढे माझं काही चालत नाही.

स्टँडवरून ती रिक्षाने एचएसआर लेआउटला, माझ्या घरी आली. मी फाटकात काळजीत उभी, आणि ही हसत उतरली.

"अगं, या अण्णांची बायकोपण तसलीच मालिका बघते, कन्नडमधली. एकट्या बाईला रिक्षात घेऊ नका, मागून सुरा काढेल, म्हणून रोज बजावते."

"मलापण स्वल्प भीती वाटलीच, अक्का," रिक्षावाले अण्णा म्हणाले.

चहा झाल्यावर मी विचारलं, "मग, बॅग भरू?"

"कशाला? मी एवढ्या लांब एकटी आले, तुला इथल्या इथं काय होतंय?"

सुखरूप पोचलेल्या बाईवर कुणी मालिका काढत नाही. म्हणून मीच अभिमानाने लिहिते आहे. तुमच्या घरातलं असं कोण सुखरूप पोचलं, सांगाल?