बांगडे आले आणि गोल राहिला

बायको गेल्यावर कोणी देवाधर्माला लागतं, मी फुटबॉलला लागलो. शाळेत जन्मभर गणित शिकवलेला माणूस मी. बॉलशी संबंध यायचा तो वर्गाची काच फुटली की! पण रिटायर झालो, ती गेली, आणि संध्याकाळी पाचनंतर घर खायला उठायला लागलं. किनाऱ्यावर पोरं खेळायची. त्यांच्यात जाऊन उभा राहिलो आणि शिट्टी माझ्याकडे असल्यामुळे (शाळेचीच, परत करायची राहिली!) कोच झालो.

पोरं चपळ. संधी अशी तयार करायची की बघत राहावं! पण गोलासमोर आली की त्यांच्या अंगात पाहुणचार संचारायचा.

"सावियो, तू मार रे."

"नाय, तेजस, तूच मार!"

"अरे, तू मार मरे!"

तोवर समोरचा गोलकीपर बॉल उचलून मोकळा! ओरडून माझा घसा बसला. "संधी बनवलीत ती पुरी करा! अंग मागे टाकू नका, बॉल वर जातो! खाली बघा, कोपऱ्यात सरकवा!" पाच मॅचेस झाल्या, गोल शून्य. (गणिताच्या मास्तराला शून्याचं वावडं नसतं, पण सलग पाच?)

माझी लेक लीना मस्कतला नर्स आहे. तिचा फोन दर रविवारी येतो. "पप्पा, जेवलंस? गोळी घेतलंस? बरां, ठेवतंय." दोन मिनिटांत संपलं! पुढचे सहा दिवस मी ते दोन प्रश्न पुरवून पुरवून वापरतो. एका रविवारी ती ठेवायच्या आत मी घाईघाईने फुशारकी मारली, "येत्या आयतारी मसुऱ्याच्या पोरांबरोबर मॅच आसा. व्हिडिओवर बघ, गोल दाखवतंय तुका!"

"खरां? मगे गोल बघल्याशिवाय मी फोन ठेवचंय नाय!"

आता आली का पंचाईत! शेजारचा बाबल रापणीवाला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासळी धरणारा. त्याने गोलाला बांधायला जाळ्याचा तुकडा दिला. "घेवा सर. पण लागलां तर परत नेतलंय हां."

रविवारी चर्चमधली मिसा आटोपून सगळे किनाऱ्यावर. फोन खुर्चीवर पाण्याच्या बाटलीला टेकवला, आत लीना. शेवटची पाच मिनिटं, शून्य-शून्य. तेजसने बाजूने बॉल आत टाकला. मसुऱ्याचा गोलकीपर वाळूत आडवा, समोर सावियो एकटा!

"मार!" मी ओरडलो. मस्कतहून लीनाही ओरडली. सावियोने पाय उचलला आणि मागून बाबलची हाळी आली, "धावा रे! रापण फाटली! बांगडो सुटता!"

आमच्याकडे रापणीचा दोर जो ओढेल त्याला मासळीचा वाटा. सावियो उचललेला पाय घेऊन तसाच पळाला. मागून आमची टीम, त्यांची टीम, दोन्हीकडचे आईबाप आणि शिट्टी तोंडात धरून रेफरी! बाबल आला, गोलाचं जाळं सोडून घेतलं, "सर, लागलां हां," म्हणाला आणि गेला.

उरलो मी, बॉल आणि दोन बांबू. सगळ्यांच्या घरी आज बांगड्यांचं तिखलं, चार माणसांची पंगत. माझ्या घरी एक ताट. भर उन्हात मला एकदम रडू आलं.

"पप्पा, सगळी खंय गेली?"

"बांगड्यांक."

"मगे तू मार!"

"मी?"

"गोलकीपर पण नाय, मार रे पप्पा!"

पाच पावलं धावलो. अंग मागे गेलं. बॉल बांबूंच्या वरून माडाच्या चुडतात अडकला आणि मी वाळूत उताणा! मग लीना हसायला लागली, अगदी तिच्या आईसारखी, थांबता थांबेना. उताण्यानेच मी तिच्याशी बोलत राहिलो. तिची ड्युटी, तिथलं ऊन, आईचं तिखलं, सगळं निघालं. तिला वॉर्डातून बोलावणं आलं तेव्हा ती म्हणाली, "गोल ऱ्हवलो हां! येत्या आयतारी परत मार."

तेव्हापासून दर रविवारी मी रिकाम्या गोलात एक बॉल मारतो, आणि दर रविवारी तो चुकतो. गोल झाला तर लीना पुन्हा दोन मिनिटांवर येईल, म्हणून मुद्दाम चुकवतो, असं मी बाबलला सांगून ठेवलंय. तुम्ही त्याला सांगणार नसाल तर सांगतो: नेम धरूनच मारतो हो, जातच नाही!