माझी बरोबरची खूण

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याने दोन वांगी जास्त टाकली तरी मी त्यात कीड शोधते. आयुष्यात एकदाच हा संशय महागात पडला, पण पडला तो असा की अजून निस्तरतेय.

तेव्हा मी नागपुरात महापालिकेच्या मराठी प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवत होते. विणकरांची वस्ती, चार खोल्या, पाढे चालू असले की बाहेरून हातमागाची खटखट. शाळा घरापासून पाच मिनिटांवर, आणि ती पाच मिनिटंच माझा आधार होती. बाबांना लकवा झाला होता. वाचा गेलेली, दोन्ही हातांत जोर नाही. घरात आम्ही दोघंच. मधल्या सुट्टीत मी धावत जायची, त्यांना वरणभात भरवायची, तोंड पुसायची आणि परत. यायला उशीर झाला तर चौथीच्या बाई माझाही वर्ग सांभाळायच्या. त्या माझी मैत्रीण. शाळेत अहोजाहो, बाहेर सरळ अगंतुगं.

त्या वर्षी महापालिकेची निवडणूक आली. शाळांची छतं, नळ आणि आमच्या बदल्या ज्या समितीच्या हातात, ती निवडून आलेल्या नगरसेवकांचीच असायची. म्हणून आमच्या शिक्षक संघाने ठरवलं, वॉर्डात कोणाला पाठिंबा द्यायचा ते एकमुखाने ठरवू. अर्थात चोरून. नोकरीतल्या माणसाने प्रचार करायचा नसतो, तेव्हा कागदावर काही नाही, फक्त पालकांच्या कानात सांगायचं. उमेदवार दोन. एक जुने नगरसेवक, जीपमधून फिरणारे, शाळेत फक्त झेंडावंदनाला दिसणारे. दुसरा वस्तीतलाच विणकर. त्याची पोरं माझ्या वर्गात होती आणि शाळा गळायला लागली तेव्हा त्यानेच वर चढून छताचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरून दिले होते.

संघाचे सचिव नगरसेवकांच्या खिशात आहेत, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तरी ते म्हणाले, "गुप्त मतदान घेऊ. कोणाच्या मनावर दडपण नको." इतकं गोड बोलले की माझ्या मनात पाल चुकचुकली. हे सचिव दुसऱ्या एका शाळेचे मुख्याध्यापक. वार्षिक परीक्षेचे पेपर आम्ही चार-पाच शाळांचे शिक्षक एकत्र बसून तपासायचो, आणि प्रत्येक गठ्ठ्यावरून शेवटची नजर त्यांचीच फिरायची. माझे पेपर बारा वर्षं त्यांच्याच नजरेखालून गेले होते.

रविवारी सकाळी सचिवांच्या शाळेत, वरच्या मजल्यावर सभा. दोन नावं छापलेल्या चिठ्ठ्या तयार होत्या. ज्याला पाठिंबा त्याच्या नावापुढे फुली करायची आणि खडूच्या खोक्यात टाकायची. वर जाताना जिन्यात मैत्रिणीने माझं कोपर धरलं.

"विणकरालेच देशील ना वं?"

मी मान हलवली.

"मंग फुलीच करजो. टिक नको करू."

"काहून?"

"सांगून राहिली ना मी, ऐक."

तेवढ्यात मागून माणसं आली आणि ती पुढे निघून गेली. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. हिला काय करायचंय मी कशी खूण करते त्याच्याशी? हिला कोणी माझ्या मनातलं काढून घ्यायला तर पाठवलं नाही?

चिठ्ठी घेतली, पेन उघडलं, आणि हात अडला. बारा वर्षं माझ्या हाताला फुली म्हणजे चूक एवढंच ठाऊक. ज्या माणसाने आमचं छत सारखं केलं त्याच्या नावापुढे चूक कशी मारू? हाताने आपसूक बरोबरची खूण केली. लांब शेपटीची, आणि शेपटीखाली एक टिंब. ते टिंब माझी जुनी सवय.

सचिवांनी चिठ्ठ्या स्वतःच मोजल्या, एकेक डोळ्यांसमोर धरून. नगरसेवकांना बहुमत आहे म्हणाले आणि खोकं बगलेत मारून गेले. नगरसेवक निवडून आले. महिन्याभरात तिघांच्या बदल्या निघाल्या, त्यात मी. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. मैत्रीण होती तिथेच राहिली.

माझं पित्त खवळलं. व्हरांड्यात तिला गाठून म्हटलं, "मी मत कोणाला दिलं ते फक्त तुला माहीत होतं."

"मी कोनालेच नाही सांगितलं वं. तुले म्हटलं होतं, टिक नको—"

"टिकबिक राहू दे," मी म्हणाले आणि चालू पडले.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. दारातूनच म्हणाली, "मधल्या सुट्टीत मी भरवत जाईन काकाजीले. मले पाच मिनिटं लागतात."

"शेजारीण भरवते," मी म्हणाले. "तुझे उपकार नकोत."

शेजारीण कुठली? बाजूच्या खोलीला कुलूप होतं. दुसऱ्या कोणाला सांगावं तर घराची किल्ली कोणाच्या भरवशावर द्यायची? बाबा सकाळी नऊला जेवायचे, आणि मग मी साडेसहाला परतल्यावर. बाबा जाईपर्यंत, चार वर्षं, असंच चाललं.

पुढे मीही मुख्याध्यापिका झाले. एकदा पेपरांचा गठ्ठा चाळताना सहज म्हणाले, "हे दुसरीच्या नव्या बाईंनी तपासलेले दिसतात." कुठेच नाव नव्हतं. सगळे हसले, "बाई, तुम्ही टिक पाहून माणूस ओळखता." मीही हसले आणि हसता हसता थांबले. टिक ज्याची त्याची असते. फुली सगळ्यांची सारखी.

संध्याकाळी सरळ तिच्या घरी गेले. ती रिटायर झाली होती, सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. चुकले, माफ कर, असंही म्हणाले. तिने सूप बाजूला ठेवलं.

"सचिवच बोलले होते माह्यासमोर एकदा, का टिकेवरून मी माणूस ओळखतो. म्हणून तर तुले जिन्यात धरलं."

"मग नंतर का नाही सांगितलंस?"

"तू आयकून कुठं घेत होती?"

तिने चहा ठेवला. कप माझ्या हातात देताना म्हणाली, "जाऊ दे वं आता. काकाजीचे हाल नाही झाले, तेवढंच मले समाधान. शेजारीण होती म्हणून."

मी कप खाली ठेवला आणि तिला सांगितलं, शेजारीण नव्हती.